इटरेटरच्या पुढे व्हॅल्यू कशी लावायची: पहिली ओळ हरवलेल्यांसाठी

गावाकडच्या एका दूध संकलन केंद्राचा हिशेब करणारा छोटा पायथन प्रोग्राम मी लिहून दिला होता. तिथे दोन काटे होते. नवा काटा फाइलच्या सुरुवातीला शीर्षकाची ओळ लिहायचा: सभासद, लिटर, फॅट, एसएनएफ. जुना काटा थेट नोंदींनाच हात घालायचा. मी म्हटलं, सोपं आहे, पहिली ओळ वाचून बघू, शीर्षक असेल तर सोडू. वाचून बघितलं, शीर्षक नव्हतं, आणि पुढच्या ओळीपासून लूप सुरू केला.

दहा दिवसांनी दुधाचा पगार झाला आणि एक आजोबा पावत्यांची चळत घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. "पोरा, तुझं मशीन माझ्यावरच का खार खाऊन आहे?" सगळ्यांचा हिशेब बरोबर होता, फक्त त्यांचं सकाळचं दूध गायब. रोज सहा लिटर, दहा दिवस, साठ लिटर. कारण सकाळी जुना काटा चालायचा, आणि केंद्राचं दार उघडायच्या आधीच रांगेत पहिले उभे असायचे ते हेच आजोबा. माझा प्रोग्राम रोज इमानेइतबारे पहिली नोंद वाचत होता आणि टाकून देत होता.

वाचलेली व्हॅल्यू इटरेटरच्या (एकेक व्हॅल्यू देत फक्त पुढे सरकणाऱ्या वस्तूच्या) पुढे परत लावायला मला तेव्हा येत नव्हतं. खरं तर असं काही करायचं असतं हेच माहीत नव्हतं. तुमचे साठ लिटर वाचावेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय.

काय काय लागेल

- पायथन ३.८ किंवा त्यापुढचं. मुख्य युक्ती त्याहून जुन्या आवृत्तीतही चालते, पण शेवटाकडची एक सोय ३.८ मध्येच आली.
- इटरटूल्स हे मॉड्यूल. वेगळं बसवायला लागत नाही, २००३ च्या पायथन २.३ पासून ते सोबतच येतं.
- मोअर-इटरटूल्स हे बाहेरचं पॅकेज. ऐच्छिक. "पिप इन्स्टॉल मोअर-इटरटूल्स" म्हटलं की येतं.
- चार-पाच ओळींच्या दोन-तीन नमुना फाइली. खऱ्या फाइलवर प्रयोग करू नका.

कोडबद्दल एक खुलासा. इथे सगळा कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिला आहे. तुम्ही टाइप करताना पायथनचे शब्द (फॉर, इफ, चेन, नेक्स्ट वगैरे) नेहमीच्या इंग्रजी अक्षरांत टाका. व्हेरिएबलची नावं मात्र मराठीत ठेवलीत तरी पायथन ३ ला चालतात. अट एवढीच, की नावात "ऱ्या" नको. काही कीबोर्ड ते अक्षर जुळवताना मध्ये झिरो-विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह टाकतात आणि पायथन ते नाव नाकारतो. डोळ्यांना सगळं बरोबर दिसत असतं आणि प्रोग्राम सिंटॅक्सएरर म्हणून अडून बसतो. त्यात माझी एक संध्याकाळ गेली आहे.

१. हातात लिस्ट आहे की इटरेटर, ते आधी बघा

लिस्ट म्हणजे वही. कधीही पहिल्या पानावर जाता येतं. इटरेटर म्हणजे पावतीपुस्तक: फाडली की पावती गेली, पुढची वर आली. मागे जायची सोय नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. "आयटर(क्ष) इज क्ष" याचं उत्तर "ट्रू" आलं तर क्ष इटरेटर आहे. उघडलेली फाइल, सीएसव्ही रीडर, मॅप, झिप, जनरेटर ("यील्ड" असलेल्या फंक्शनमधून मिळतो तो) हे सगळे इटरेटर. लिस्ट, डिक्शनरी आणि (इथे बरेच जण फसतात) रेंज हे इटरेटर नाहीत. त्यांच्यावर दरवेळी नव्याने लूप चालवता येतो.

हातात लिस्टच असेल तर या लेखाची तुम्हाला गरज नाही. "[नवी, *यादी]" लिहा आणि कामाला लागा. पण हेच इटरेटरवर केलंत तर तो सगळाच्या सगळा उपसून मेमरीत येतो. फाइल मोठी असेल तर संगणक धापा टाकेल. इटरेटर अनंत असेल, म्हणजे इटरटूल्समधल्या काउंटसारखा, तर ती ओळ कधी पूर्णच होणार नाही. आणि "[नवी] + ओळी" असं लिहून तर बघूच नका. लिस्टमध्ये लिस्टच मिळवता येते असं सांगून पायथन टाइपएरर देतो.

२. मूळ युक्ती: चेन

फाडलेली पावती पुस्तकात परत शिवता येत नाही. पण ती पुस्तकाच्या वर ठेवून दोन्ही मिळून पुढच्याच्या हातात देता येतात. चेन नेमकं हेच करतं.

    फ्रॉम इटरटूल्स इम्पोर्ट चेन
    ओळी = चेन([पहिली], ओळी)

एवढंच. आधी चौकटी कंसातली व्हॅल्यू येईल, ती संपली की मूळ इटरेटर सुरू होईल. काही कॉपी होत नाही, काही आधी वाचलं जात नाही. पायथनच्या अधिकृत दस्तऐवजात इटरटूल्सच्या पानावर ज्या रेसिपी दिल्या आहेत, त्यांत प्रीपेंड नावाची एक आहे. तिच्या पोटातही हीच एक ओळ आहे.

दुधाच्या हिशेबाचा दुरुस्त केलेला भाग असा (वर "इम्पोर्ट सीएसव्ही" हवंच):

    विथ ओपन("सकाळ.सीएसव्ही", एन्कोडिंग="यूटीएफ-८-सिग", न्यूलाइन="") ॲज फाइल:
        ओळी = आयटर(फाइल)
        काहीच_नाही = ऑब्जेक्ट()
        पहिली = नेक्स्ट(ओळी, काहीच_नाही)
        इफ पहिली इज काहीच_नाही:
            प्रिंट("फाइल रिकामी आहे")
        एल्स:
            इफ नॉट पहिली.स्टार्ट्सविथ("सभासद"):
                ओळी = चेन([पहिली], ओळी)
            फॉर नोंद इन सीएसव्ही.रीडर(ओळी):
                हिशेबात_घे(नोंद)

सीएसव्ही रीडरला फाइलच द्यावी लागते असा समज असतो. तसं नाही. एकेक ओळ देणारं काहीही त्याला चालतं, म्हणून चेनही चालते.

एन्कोडिंगमधलं "सिग" मुद्दाम आहे. काही प्रोग्राम फाइलच्या तोंडाशी न दिसणारी खूण लिहितात. ती काढली नाही तर "सभासद" ने सुरू होणारी ओळसुद्धा तशी सुरू होत नाही, आणि मग शीर्षकच नोंद म्हणून हिशेबात घुसतं.

आता "काहीच_नाही" कशाला? नेक्स्टला दुसरी किंमत दिली नाही आणि फाइल रिकामी निघाली, तर स्टॉपइटरेशन, म्हणजे "आता काही उरलं नाही" असा एरर, उडतो. हेच एखाद्या जनरेटरच्या आत घडलं तर पायथन ३.७ पासून त्याचं रनटाइमएरर होतं. त्याआधी तर जनरेटर गुपचूप संपायचा, कोणाला पत्ताही लागायचा नाही. बरेच जण तिथे "नन" (पायथनची "काही नाही" ही किंमत) देतात. फाइलच्या ओळींसाठी ते चालून जाईल, पण तुमच्या डेटातच नन येऊ शकत असेल तर रिकामा इटरेटर आणि खरीखुरी नन यांतला फरक कळणार नाही. ऑब्जेक्ट() ने बनवलेली वस्तू डेटात असूच शकत नाही, म्हणून ती वापरायची.

३. चौकटी कंस विसरलात तर

नवशिक्यांची सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. "चेन(पहिली, ओळी)" असं लिहिलं जातं, आणि वाईट म्हणजे ते बऱ्याचदा चालतं. म्हणजे चालल्यासारखं दिसतं.

चेनला हव्या असतात लूप चालवता येतील अशा गोष्टी, आणि स्ट्रिंगवर लूप चालतो. मग "दूध" हा शब्द पुढे लावायला गेलात तर दोन अक्षरंसुद्धा धड मिळत नाहीत. द वेगळा, दीर्घ ऊकार वेगळा, ध वेगळा असे तीन तुकडे येतात. आउटपुटमध्ये एकटीच लोंबकळणारी मात्रा दिसली की समजा, कंस राहिला.

डिक्शनरी तशीच दिलीत तर फक्त तिच्यातल्या "की", म्हणजे नावं, मिळतात, आतल्या किमती गळून पडतात. हेही निमूटपणे होतं.

आकडा दिलात तर निदान एरर येतो, पण कधी? चेन बनवताना नाही, पहिली व्हॅल्यू मागताना. चूक एका फंक्शनमध्ये आणि एरर दाखवतो दुसऱ्याच फाइलमध्ये. तेव्हा टाइपएररमध्ये "इंट इटरेबल नाही" असा मजकूर दिसला, तर एरर आलेल्या ओळीपेक्षा चेन जिथे बनली ती ओळ तपासा.

४. शीर्षकाच्या ओळी किती ते माहीत नसेल तर

पुढे एका केंद्राच्या फाइलीत कधी संस्थेचं नाव, कधी तारीख, कधी दोन्ही, तर कधी काहीच नाही अशी तऱ्हा होती. अशा वेळी लूप चालवून खरी नोंद दिसली की थांबायचं असतं. पण ज्या ओळीवर तुम्ही थांबता ती ओळ वाचली गेलेली असते, म्हणजे पुस्तकातून फाटलेली असते. ती परत लावा:

    फॉर ओळ इन ओळी:
        इफ नोंद_आहे_का(ओळ):
            ओळी = चेन([ओळ], ओळी)
            ब्रेक

इटरटूल्समधलं टेकव्हाइल इथे वापरू नका. अट मोडणारी पहिली व्हॅल्यू ते गिळून टाकतं, तुम्हाला देतही नाही आणि मूळ इटरेटरमध्येही ठेवत नाही. पुन्हा आजोबांचं दूध. नुसतंच वगळायचं असेल तर ड्रॉपव्हाइल बरं, ते अट मोडणारी पहिली ओळ सांभाळून पुढे देतं.

५. स्वतःचं फंक्शन लिहायचं असेल तर

    डेफ पुढे_लाव(व्हॅल्यू, मागचे):
        यील्ड व्हॅल्यू
        यील्ड फ्रॉम मागचे

"यील्ड फ्रॉम" पायथन ३.३ मध्ये, म्हणजे २०१२ साली आलं. वाचायला हे चेनपेक्षा गोड आहे. मी मात्र साध्या कामाला चेनच वापरतो. पहिली व्हॅल्यू काढायलाच वेळ लागत असेल, म्हणजे ती नेटवरून आणायची असेल वगैरे, तर जनरेटर उपयोगी. त्याच्या आतला कोड पहिल्यांदा मागणी येईपर्यंत चालत नाही. चेनला दिलेली व्हॅल्यू तिथल्या तिथे काढली जाते.

इथला खड्डा मात्र खोल आहे. फंक्शनला इटरेटर पॅरामीटर म्हणून न देता बाहेरचंच नाव आत वापरलंत, आणि मग "ओळी = पुढे_लाव()" असं त्याच नावात परत भरलंत, तर काय होतं? जनरेटर चालेपर्यंत "ओळी" हे नाव त्याचं स्वतःचंच झालेलं असतं. तो पहिली व्हॅल्यू देतो आणि नंतर स्वतःच्याच शेपटीमागे धावतो. पायथन व्हॅल्यूएरर देऊन सांगतो की जनरेटर आधीच चालू आहे. हा एरर पहिल्यांदा बघितला तेव्हा मी थ्रेडचा घोळ असेल म्हणून दोन तास भलतीकडेच शोधत होतो. इटरेटर नेहमी पॅरामीटर म्हणून द्या, म्हणजे हा प्रश्न उद्भवत नाही.

६. एकापेक्षा जास्त व्हॅल्यू

एकदम लावायच्या असतील तर कंसात सगळ्या लिहा: "चेन([अ, आ, इ], ओळी)". क्रम तोच राहतो.

लूपमध्ये एकेक करून लावल्यात तर क्रम उलटतो, कारण शेवटी लावलेली सगळ्यात पुढे येते. पण क्रमापेक्षा मोठी अडचण वेगळी आहे. प्रत्येक वेळी जुन्या चेनवर नवी चेन चढते. शंभर वेळा केलंत तर शंभर थर, आणि मूळ इटरेटरमधली प्रत्येक ओळ त्या शंभर थरांतून वर येते. लाखाच्या घरात थर गेले तर पायथन नेहमीचा रिकर्शनएररसुद्धा देत नाही. चेन सी भाषेत लिहिलेली असल्यामुळे आतला स्टॅक संपतो आणि प्रोग्राम सेगमेंटेशन फॉल्ट देऊन मरतो. ट्रेसबॅक नाही, काही नाही.

वारंवार मागे ठेवायची गरज पडत असेल तर पुढची पायरी बघा.

७. डोकावून बघायचं असेल तर पीकेबल

मोअर-इटरटूल्समधला पीकेबल हा याच कामासाठी बनवलेला आहे. इटरेटर त्याच्यात गुंडाळायचा:

    ओळी = पीकेबल(ओळी)
    पुढची = ओळी.पीक(काहीच_नाही)

पीकने पुढची व्हॅल्यू दिसते पण जागची हलत नाही. पावती न फाडता वाचण्यासारखं. "इफ ओळी:" असं विचारून इटरेटर संपला का तेही कळतं, जे साध्या इटरेटरला विचारून उपयोग नसतो. आणि त्याला प्रीपेंड ही मेथड आहे: "ओळी.प्रीपेंड(अ, आ, इ)" म्हटलं की अ, आ, इ याच क्रमाने येतात, मग उरलेलं. लागोपाठ दोनदा प्रीपेंड केलंत तर नंतरचं आधी येतं. थर साचत नाहीत, आत एक रांग असते तिच्यात व्हॅल्यू बसतात.

पहिल्या दोन-तीन ओळी एकत्र बघून निर्णय घ्यायचा असेल तर त्याच पॅकेजमधलं स्पाय घ्या. "डोकं, ओळी = स्पाय(ओळी, ३)" यात डोकं म्हणजे पहिल्या तीन ओळींची लिस्ट, आणि ओळी पुन्हा पहिल्यापासून सुरू.

एका छोट्या स्क्रिप्टसाठी बाहेरचं पॅकेज बसवावं का? केंद्रावरच्या संगणकाला इंटरनेट असेलच असं नाही. मी तिथे चेनवरच भागवतो.

८. जुन्या नावाला हात लावू नका

चेन बनली तरी खालचा इटरेटर तोच असतो. "जोडलेल्या = चेन([पहिली], ओळी)" असं वेगळं नाव दिलंत आणि नंतर कुठेतरी "नेक्स्ट(ओळी)" केलंत, तर ती ओळ जोडलेल्यांमधूनही गेली. म्हणून मी वर सगळीकडे त्याच नावात परत भरलं आहे. जुनं नावच उरलं नाही की चुकून वापरलं जात नाही.

"फाइल पुन्हा सुरुवातीला नेऊ की, सीक(०) करून" असं कोणी सुचवेल. डिस्कवरच्या फाइलला ते चालतं. पण डेटा पाइपमधून किंवा नेटवरून येत असेल तर मागे जाता येत नाही. शिवाय नेक्स्टने ओळ वाचल्यावर, लूप मध्येच असताना, टेल() वापरून जागा विचारलीत तर टेक्स्ट फाइल ओएसएरर देते.

चेन लावल्यावर जनरेटरच्या क्लोज आणि सेंड या मेथडही वरून मिळत नाहीत. लागणार असतील तर पाचव्या पायरीतलं फंक्शन वापरा, यील्ड फ्रॉम त्या आतपर्यंत पोहोचवतं.

९. काही वेळा जोडायची गरजच नसते

- फाइलीत शीर्षक नाही म्हणून खोटी ओळ पुढे लावताय? सीएसव्ही मॉड्यूलमधल्या डिक्टरीडरला "फील्डनेम्स" द्या.
- चढत्या बेरजेच्या आधी शून्य हवंय? इटरटूल्समधल्या अक्युम्युलेटला पायथन ३.८ पासून "इनिशियल" देता येतं. निकालात एक व्हॅल्यू जास्त येते, तेवढं लक्षात ठेवा.
- नुसत्या बेरजेला सुरुवातीची बाकी मिळवायची? समला दुसरी किंमत देता येते.

१०. दुसऱ्या भाषेत काम करत असाल तर

कल्पना तीच, नावं वेगळी. रस्टमध्ये "वन्स(क्ष).चेन(इट)". जावास्क्रिप्टमध्ये जनरेटर फंक्शनमध्ये "यील्ड क्ष" आणि मग "यील्ड तारा इट", तारा म्हणजे गुणाकाराचं चिन्ह. सी-शार्पच्या लिंक (एलआयएनक्यू) या लायब्ररीत प्रीपेंड याच नावाची तयार मेथड आहे. जावात "स्ट्रीम.कॉन्कॅट(स्ट्रीम.ऑफ(क्ष), स्ट्रीम)". थर चढवत नेले तर स्टॅक ओव्हरफ्लो होऊ शकतो हा इशारा जावाच्या दस्तऐवजातही दिलेला आहे.

११. सोडण्याआधी या चार फाइलींवर चालवा

पूर्ण रिकामी फाइल. फक्त शीर्षक असलेली. शीर्षक आणि दोन नोंदी असलेली. आणि चौथी, शीर्षक नसलेली, एकच नोंद असलेली. पहिल्या तीन बरोबर चालल्या म्हणून थांबू नका, माझ्याही त्या चालल्या होत्या. चौथ्या फाइलीतून एक नोंद आत गेली की एकच बाहेर यायला हवी. माझ्या चाचणीच्या फोल्डरमध्ये त्या फाइलीचं नाव "आजोबा.सीएसव्ही" आहे, आणि तिच्यात एकच ओळ आहे, सहा लिटरची.